कराच्या माणसाची पारख

माझ्या संशयी स्वभावाची आमच्या घरात थट्टा होते. दूधवाल्याने मापाला जरा जास्त घातलं तरी मी त्यात पाणी शोधतो, असं बायको म्हणते. खोटं नाही ते. पण याच स्वभावापायी मी पावस गावातली बाग घालवली, ती कशी, हे मी तिलाही पुरतं सांगितलेलं नाही.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गणपती नुकतेच गेले होते आणि मला इन्कमटॅक्सची नोटीस आली. रत्नागिरीजवळ माझी घरची आंब्याची बाग होती, शिवाय दोन-तीन बागा मी दर हंगामाला कराराने धरत असे. त्यातली पावसच्या एका निवृत्त मास्तरांची बाग म्हणजे माझा जीव. माझी हंगामातली पहिली पेटी तिथून निघायची आणि त्या पेटीवर मुंबईचा दलाल मला वर्षभर ओळखायचा. बारा वर्षांत आमच्यात कागद झाला नव्हता. देवदिवाळीला नारळ घेऊन जायचं, तो मास्तरांच्या ओटीवर ठेवायचा, चहा प्यायचा, की त्या हंगामापुरती बाग माझी.

घोळ झाला तो पेट्यांमुळे. घरचा आंबा आणि धरलेल्या बागांचा आंबा, सगळा मी एकाच मार्क्याने पाठवत होतो. घरच्या उत्पन्नाला कर नाही, पण दुसऱ्याच्या झाडांवरचा मोहोर विकत घेऊन विकलेला आंबा हा व्यापार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता. आता नोटिशीला उत्तर द्यायला टॅक्सची कामं करणारा जाणता माणूस हवा होता.

पहिल्याकडे गेलो तो सगळ्या बाजाराची कामं करायचा. त्याच्या टेबलावर लाल फितीत बांधलेले कागद होते आणि प्रत्येकावरचं नाव मला खुर्चीतून वाचता येत होतं. म्हणजे उद्या माझंही कोणीतरी वाचणार. मी छत्री उचलली. दुसऱ्याने नोटीस पाहिलीसुद्धा नाही, चहा मागवला आणि निश्चिंत राहा म्हणाला. मला निश्चिंत राहायला सांगणाऱ्याची फार भीती वाटते. त्याचा चहा मात्र प्यालो.

तिसरा तरुण होता, माडीवरच्या खोलीत नवीनच बसायला लागलेला. त्याने दलालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या शांतपणे चाळल्या आणि विचारलं, यातल्या तुमच्या स्वतःच्या झाडांच्या पेट्या कुठल्या? हा प्रश्न आधीच्या दोघांना सुचला नव्हता. माणूस पसंत पडला. पण उतरताना दाराशी ज्या चपला दिसल्या त्या मी ओळखल्या. अंगठ्याला तांबडा दोरा बांधलेल्या त्या चपला माझ्या शेजारच्या बागायतदाराच्या होत्या आणि तो स्वतः बाकावर पाठमोरा बसला होता. पावसच्या बागेवर त्याचा किती वर्षांचा डोळा, हे मला ठाऊक होतं.

घरी येऊन मी युक्ती काढली. पुढच्या खेपेला त्या तरुण टॅक्सवाल्याने यंदा धरायच्या बागांची यादी मागितली, तेव्हा मी ठोकून दिलं की पावसची बाग यंदा सोडतोय. वर आवाज खाली आणून बजावलं, कोणाला बोलू नका. त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. बातमी फुटली तर शेजारी पावसला धावणार, म्हणजे मला माणूस कळणार. सरळ हिशेब होता.

देवदिवाळी आली. बायकोने नारळ पिशवीत घालून हातात दिला. मी म्हटलं, थांब, आठ दिवस जाऊ देत. मी आधी जाऊन नारळ ठेवला असता तर सापळा फुकट गेला असता. रोज सकाळी मी एसटी स्टँडवर जाऊन बसायचो आणि पावसच्या गाडीत कोण चढतं ते बघायचो. कंडक्टरला माझा संशय यायला लागला. शेजारी एकदाही फिरकला नाही. नवव्या दिवशी मी मोठ्या खुशीत नारळ घेऊन स्वतःच त्या गाडीत चढलो.

मास्तर ओटीवरच होते. त्यांनी बसा म्हटलं, पण नजर वर केली नाही.

"चार दिवस वाट बघितली हो मी तुमची," ते म्हणाले. "बारा वर्षांत तुमचा दिवस कधी चुकला नव्हता. मला वाटलं, तुमचं मन नाही. मग जयगडचा एक बोटीवरची नोकरी संपवून कायमचा घरी आलेला माणूस आला. नारळ ठेवलान, बाग मागितलीन. मी दिली."

परतताना गाडीत माझं डोकं तापलं होतं. टॅक्सवाल्यानेच जयगडला कळवलं असणार, असं मी ठरवून टाकलं. स्टँडवरून तडक त्याची माडी गाठली, तर जिन्यात शेजारी भेटला.

"पावसची सोडलीत म्हणे? जयगडवाला आज बाजारात सांगत होता," तो म्हणाला. "मला एका शब्दाने बोलला असतात तर मी घेतली असती."

त्याला आज कळलं होतं, तेही बाजारात. उरलेल्या पायऱ्या मी सावकाश चढलो. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

वर टॅक्सवाल्याने यादी तयारच ठेवली होती. पावसच्या बागेसमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, यंदा आपखुशीने सोडली.

"हे बरोबर आहे ना?" त्याने विचारलं. "तुम्ही बजावलं होतंत, म्हणून कोणाला बोललो नाही."

नारळाची पिशवी मी खुर्चीखाली सारली, हो म्हणालो आणि सही केली.