व्हॉलंटरी म्हणजे यावंच लागतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच. चिंचवडच्या कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटणारा माणूस तो. त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. मालक, मुकादम, दलाल — सगळ्यांना शिव्या घालणं मला अजून छान जमतं. आणि स्वतःला?

मेलबर्नच्या पश्चिमेला, सॅलड पॅक करणाऱ्या एका फॅक्टरीत मी होते. माझ्या लाइनवर बहुतेक चिनी बायका. लंचला मी त्यांना रोज एक इंग्रजी शब्द शिकवायचे — अर्थ, वापर, एक वाक्य. त्या मला 'टीचर' म्हणायच्या. मला वाटायचं, लढा असाच सुरू होतो. हसतोयस? हस.

एका आर्व्होला — तिकडे दुपारला असंच म्हणतात — सुपरवायझरने बोर्डवर लिहिलं, 'संडे शिफ्ट, व्हॉलंटरी'. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "कोणीच आलं नाही तर तू ये, मेट. नो वरीज?"

त्या रविवारी सिटीत माझं भाषण होतं. विषय — कामगारांचे हक्क.

माझ्या शेजारी उभी राहणारी मेई रविवार मुलीसाठी राखायची. बाकी आठवडाभर मुलगी तिला झोपलेलीच दिसायची. तिने बोर्डवरचा 'व्हॉलंटरी' शब्द फोनमध्ये शोधला आणि माझ्याकडे आली.

"टीचर, फोन सांगतो, आपली मर्जी. इथे पण तेच?"

मी घाबरले होते का? नाही. कोणी धमकावलं होतं? तेही नाही. मला फक्त — माझं भाषण हवं होतं.

"फॅक्टरीत नाही," मी म्हटलं. "फॅक्टरीत व्हॉलंटरी म्हणजे यावंच लागतं. नाहीतर शिफ्ट कापतात."

तिने फोन खिशात टाकला. फोनपेक्षा तिचा माझ्यावर विश्वास जास्त होता.

रविवारी ती कामावर गेली. पुढच्याही. मी भाषण केलं. टाळ्या पडल्या — खूप. खोटं सांगणार नाही, मला त्या गोड लागल्या.

नंतर कधीतरी लाइनवर एक नवी चिनी बाई आली. लंचला मेईने तिला बोर्डाकडे बोट दाखवून चिनीत काहीतरी समजावलं. मग सावकाश, माझ्यासारखंच, इंग्रजीत एक वाक्य दिलं, "व्हॉलंटरी. यू मस्ट कम."

आणि माझ्याकडे बघितलं. बरोबर ना, टीचर?

मी तिचा उच्चार तेवढा सुधारला.