घोड्यावरची बाई

आमच्या ह्यांच्या इतिहास मंडळात मला शिरकाव मिळाला तो पिठल्यामुळे. हे शाळेत मास्तर, आणि त्यांच्यासारखंच इतिहासाचं वेड लागलेले आणखी तिघे. सुट्टी लागली की हे चौघे सोलापूर सोडून बालाघाटाच्या डोंगरांत हिंडत. पडके बुरूज मोज, कोरीव दगड धुंडाळ, प्रत्येक माथ्यावर चढून वहीत काहीबाही लिही. एका फेरीत बाहेरचं खाऊन चौघांचीही पोटं बिघडली. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष, पेशानं वकील आणि वयानं सगळ्यांत मोठे, ह्यांना म्हणाले, "वहिनींना घ्या बरोबर. निदान ताजं पिठलं-भाकरी तरी मिळेल." सन तीस उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सव्वीस वर्षांची, मराठी सातवी पास. मला स्वयंपाकीण म्हणून नेताहेत हे न कळण्याइतकी खुळी नव्हते. तरी गेले. डोंगर बघायला मिळणार होता.

दिवाळीची सुट्टी होती. कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या गाडीत बसलो आणि बार्शीच्या पुढं एका लहानशा ठेसनावर उतरलो. समोर डोंगर, त्यापलीकडे निजामाचा मुलूख. पुण्याकडची माणसं त्यांना टेकड्याच म्हणतील; पण आम्हां सपाट रानातल्या माणसांना तेवढी चढण पुरते. धावडा, सालई, पळस असं दाट रान. "तुम्ही खाली ओढ्याकाठी चूल मांडा," वकीलसाहेब मला म्हणाले. मी म्हटलं, "चूल वरही पेटते." कासोटा घट्ट खोवला, पिठाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पुढं निघाले. माथ्यावर पोचले तेव्हा वकीलसाहेब अजून मधल्या बुरुजाशी धापा टाकत होते. याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

वर दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं, पडकी भिंत होती, आणि भिंतीच्या आडोशाला कमरेइतका उंच एक कोरीव दगड. त्याला हिरवं लुगडं नेसवलेलं, वर शेंदूर. धनगरांची देवी. तिची पूजा करणारी म्हातारी शेरडं टाक्यावर सोडून बसली होती. आमच्या मंडळींनी लगेच ओळखलं की हा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची शिळा. खालच्या अंगाला त्याची लढाई कोरलेली असणार. पण ते सगळं लुगड्याआड. ह्यांनी हात पुढं केला तशी म्हातारी कडाडली.

"हात लावू नगा! गड्यानं आईचं लुगडं फेडायचं न्हाय."

"आजी, फक्त बघायचं आहे," हे म्हणाले.

"सोताच्या आईला आसं बघता व्हय?"

वकीलसाहेबांनी मामलेदार आपल्या ओळखीचा असल्याचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आसंल की." मग ती माझ्याकडं वळली. "आज मंगळवार हाय, आईची आंगूळ करायची. तू ये लेकी, पानी घाल. गडीमानसं जाऊ द्यात तिकडं बुरजाकडं."

चौघे निमूट निघाले. जाता जाता ह्यांनी वही-पेन्सिल माझ्या हातात कोंबली. "जसं आहे तसं उतरवून आण. एक रेघ चुकवू नकोस."

मी चुकवली नाही. लुगडं फेडलं, टाक्यातलं पाणी ओतलं, धूळ-हळद वाहून गेली आणि घोडा दिसला. घोड्यावर बाई. मागं बांधलेला अंबाडा, हातात बांगड्या, भरलेली छाती, उगारलेली तलवार, पाठीशी तीन गाई.

"ही बाई आहे?" मी विचारलं.

"मग कोन? चोर गुरं वळून न्याय आलं हुतं. गडी कुटं गेलं हुतं कुनास ठावं. हीच निगाली घोड्यावर. हितंच पडली." शेजारणीबद्दल सांगावं तसं म्हातारी सांगत होती.

रांगोळीनं हात तयार झालेला होता. मी सगळं वहीत उतरवलं आणि बुरुजाशी जाऊन वही पुढं केली. वकीलसाहेब हसले. "वहिनी, तुमच्या पाहण्यात चूक झाली. बायका काय घोड्यावर बसून लढतात? ही कडी असतील, बांगड्या नव्हेत. आणि हा अंबाडा नव्हे, पगडी."

"आणि छाती?" मी विचारलं. चौघांनी चार दिशांना बघितलं. "बाई कशी असते हे तुम्ही मला सांगणार? आणि तो गडीच असेल, तर त्याची अंघोळ चालली असताना तुम्ही सगळे पाठ करून का बसला होतात?"

ह्यांनी वही घेतली आणि मिटून पिशवीत टाकली. ते मला फार लागलं.

संक्रांतीला मंडळाचा अंक निघाला. त्यात माझंच चित्र होतं, पण घोड्यावर पगडीवाला पुरुष, पल्लेदार मिशा. खाली 'अज्ञात वीर'. मिशांच्या रेघा कुणाच्या हातच्या, हे मला ओळखू येणार नाही? मी अंक ह्यांच्यासमोर आपटला.

"एकट्या बाईच्या सांगण्यावर मंडळ कसं छापणार?" हे खाली बघत म्हणाले. "पुरावा लागतो."

"मग आणते पुरावा."

शिमग्याला मी भवानी पेठेतल्या सहा बायका घेऊन तो डोंगर चढले. त्यांतली एक आमची शेजारीण, तेलुगू विणकराची बायको, लुगड्यांच्या काठांची नक्षी कागदावर उतरवण्यात तरबेज. तिला मी माझं चित्र दाखवलंच नव्हतं. तिनं स्वतः बघून काढलं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर बांगडीला बांगडी जुळत होती. तिच्या चित्राखाली चौघींनी नावं लिहिली; दोघींनी अंगठे उठवले. तो कागद मी मंडळाकडं पाठवला. महिन्यानं तो परत आला, सोबत दोन ओळींचे आभार. मी त्याला काच लावून घेतली आणि तो आमच्या बाहेरच्या खोलीत, जिथं मंडळाची बैठक भरे, तिथं समोरच्या भिंतीवर टांगला. खिळा मीच ठोकला.

पुढच्या बैठकीला वकीलसाहेब आले, बसले, आणि त्यांची नजर वर गेली. "मास्तर, ही थट्टा बरी नव्हे. एक तर ते चित्र भिंतीवरून उतरेल, नाहीतर मी इथून उठेन."

मी दारात उभी होते. हे आता चित्र उतरवतील, अशी माझी खात्री होती. मी पदर खोवला. मी तर ते उतरवू देणार नव्हते.

हे जागेवरून उठले. "मिशा मी काढल्या," ते म्हणाले. "तुम्ही सांगितल्यात म्हणून काढल्या. दगडावर त्या नाहीत."

वकीलसाहेब उठले, त्यांच्यामागून दुसरे दोघेही. बैठका पुढं दुसरीकडे भरू लागल्या. आम्ही दोघांनी त्या रांगेतले माथे हिंडायचं काही सोडलं नाही. जिथं देवीला लुगडं असेल तिथं आत मी जाते. मी सांगेन ते हे बाहेर बसून लिहून घेतात, आणि त्यातला एक शब्द बदलत नाहीत.