काय दिसून राहिलंय, बोल

हर्डीकर सर कधीच कॅमेऱ्याला डोळा लावत नसत. कॅमेरा तिपाईवर चढवायचा, आपण बाजूला उभं राहायचं आणि ज्याची पाळी असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "काय दिसून राहिलंय, बोल." मग आपण बोलायचं. सर मान खाली घालून ऐकत. पटलं तर म्हणत, "चालू कर." नाही पटलं तर नुसतंच, "अजून देख."

मध्य भारत सरकारनं उज्जैनला चित्रपट तयार करण्याचा एक प्राथमिक वर्ग काढला होता, त्यात मी नाव घातलं होतं. वडील रेल्वेत, मुलीनं कॅमेरा शिकायचा म्हणजे काय, हे त्यांना कळलं नव्हतं, म्हणून परवानगी मिळाली. पहिल्याच पाळीला सरांनी आम्हाला भैरवगढला नेलं. तिथले छिपे कापडावर लाकडी ठसे मारतात आणि ते कापड क्षिप्रेत धुऊन वाळूवर पसरतात. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हटलं, "सर, एक बाई छान लुगडं वाळवतेय."

"छान कुठे दिसतं, बेटा? लुगडं दिसतं. कोणत्या रंगाचं, कुठपर्यंत ओलं, ते सांग."

"पण सर, रंग फिल्ममध्ये कुठे येणार आहे?"

"फिल्ममध्ये नाही येणार. तुला तर दिसला पाहिजे! आणि लक्षात ठेव, जे आहे ते बोल. मला बरं वाटेल असं फालतू बोलू नको."

ही त्यांची शिकवण्याची पद्धत होती, आणि तिच्या मागे एक अडचणही होती. सरांना काचबिंदू झाला होता. उजेडात त्यांना सावल्यांसारखं काहीतरी दिसे, अंधारात तेवढंही नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक आहे हे सरांना ठाऊक होतं, आणि यावर कोणी अवाक्षर काढत नसे. माधव नगरातून ते कुंपणाच्या भिंतीला हात लावत चालत येत. ते यायच्या आधी माझा वर्गमित्र गजू वाटेतली स्टुलं मुकाट्यानं बाजूला करी. सर आत येऊन विचारत, "आज कोणाची पाळी?"

तेवढ्यात राज्य पुनर्रचनेची धामधूम सुरू झाली. मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात जाणार, राजधानी भोपाळ, आणि आमचा वर्गही तिकडेच. सरांनी भोपाळचा ध्यास घेतला होता. "तिकडे आवाजाचं मशीन येऊन राहिलंय," ते लहान मुलासारखे सांगत. "आतापर्यंत सगळी मुकी चित्रं केली. ठशाचा ठक्‌ आवाज एकदा पडद्यावरून ऐकायचाय मला." पण तिकडे कोणाला घ्यायचं हे ठरवायला एक साहेब येणार होते. सरांच्या डोळ्यांचं त्यांना कळलं असतं, तर सर उज्जैनलाच राहिले असते.

साहेब आले. दुपारी वरच्या हॉलच्या खिडक्यांना कांबळी लावून आम्ही आमचा छिप्यांवरचा चित्रपट दाखवला. मुकाच तो, म्हणून सर पडद्याशेजारी उभं राहून हिंदीत सांगणार होते. प्रत्येक दृश्य आम्ही त्यांना इतक्यांदा बोलून दाखवलं होतं, की क्रम त्यांना तोंडपाठ होता. गजू प्रोजेक्टर चालवत होता, साहेब त्याला लागूनच बसले होते. ठसे झाले, रंगाची कढई झाली. नदीचं दृश्य सुरू झालं आणि प्रोजेक्टरचा दिवा गेला.

मशीन घरघरत राहिलं. पडदा काळाठिक्कर. आणि सर बोलतच होते. "अब देखिए, औरत घुटने तक पानी में है। कपड़ा पत्थर पर पटकती है। देखिए, छींटे उसके मुँह पर आए, वो हँसी।" गजूनं मशीन बंद करायला बटणाकडे हात नेला, तर साहेबांनी त्याचं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. सरांनी अंधारात आम्हाला पूर्ण नदी दाखवली. ओली वाळू, वाऱ्यानं उचललेला पदर, काठावर उभा राहिलेला कुत्रासुद्धा. रीळ संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरानं.

साहेब एवढंच म्हणाले, "मास्टरजी, भोपाल आइए।" आणि खाली उतरले.

सर जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. "सुमन, हॉलमध्ये कोणी खोकलं पण नाही. इतकं चांगलं पिक्चर आपण केलेलं नाही. काय झालं होतं? बोल."

खोटं बोलण्याची इतकी इच्छा मला आयुष्यात पुन्हा झाली नाही. पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हटलं, "सर, नदी सुरू होताच दिवा गेला होता. पुढे पडद्यावर काही नव्हतं."

सरांनी जिन्याचा कठडा चाचपला. मग म्हणाले, "चल, खाली ने मला."

साहेब जीपमध्ये बसतच होते. सरांनी त्यांना आपल्या डोळ्यांचं सांगितलं. साहेब हळूच म्हणाले, "मुझे मालूम हो गया था, मास्टरजी। इसीलिए कहा, आइए।"

"आपको मालूम है, साहब। लेकिन वहाँ तस्वीर पास करने का काम होगा। बिना देखे मैं पास करूँगा तो झूठ होगा। इन बच्चों को मैंने ये नहीं सिखाया।"

साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. सर उज्जैनलाच राहिले.

पुढे वर्गाचं सामान बसनं भोपाळला गेलं, त्या सकाळी सर माझ्याबरोबर देवास गेटच्या बसस्टँडवर आले. बस हलली तेव्हा त्यांनी सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय दिसून राहिलंय?"

"कॅमेऱ्याची पेटी टपावर आहे, सर. दोरीनं बांधलीय. धूळ उडतेय. आता वळली. आता नाही दिसत."

"आणि इकडे?" त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. "इकडे काय दिसतं?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सर वाट पाहत होते. शेवटी म्हटलं, "सर, तुम्ही रडताय."

"बरोबर," सर म्हणाले. "फोकस ठीक आहे."