कोरड्या पात्याचा आवाज

डॉक्टरांनी माझा एक्स-रे बघायच्या आधी माझे हात बघितले. उलटेसुलटे करून, अगदी नखांपर्यंत. मग विचारलं, "काम काय करता?"

"फरशी बसवतो. ग्रॅनाइट, टाइल्स, ओटे, जिने."

"कापता पाणी टाकून की कोरडं?"

आमच्या अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बिडीचं विचारलं होतं, दारूचं विचारलं होतं, घरात कुणाला टीबी झाला होता का तेही विचारलं होतं. कामाचं कुणीच विचारलं नव्हतं. "कोरडंच," मी म्हणालो. अमरावतीचे हे छातीचे डॉक्टर उठले. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात साबुदाणा सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके होते.

"याला सिलिकोसिस म्हणतात," ते म्हणाले. "दगड कापताना जी धूळ उडते ना, त्यातली सगळ्यात बारीक, डोळ्यांना दिसत नाही अशी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तिथं वण पडतात. ती जागा पुन्हा मऊ होत नाही."

"औषध?"

"खोकल्याला आहे, दम लागतो त्याला आहे. या ठिपक्यांना नाही. धूळ बंद केली तर आजार हळू चालेल अशी आशा धरायची. तेव्हा कटर आजपासून बंद."

माझी बायको संगीता शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "म्हंजे बरं नाही होत का, डॉक्टरसाहेब?"

"नाही, ताई. सांभाळावं लागतं."

माणूस स्पष्ट बोलणारा. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. आता वाटतं, गोड बोलून परत पाठवलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कटर हातात घेतला असता.

हे मी दोन जातींच्या लोकांसाठी लिहितो आहे. एक माझी जात, म्हणजे फरशीवाले. दुसरी, घर बांधणारे. त्यांना वाटतं, धूळ काय, झाडली की गेली.

खोकला हिवाळ्यात सुरू झाला. थंडीचा असेल म्हणून काढे घेतले. मग जिना चढताना मधल्या कठड्यावर टेकावं लागायला लागलं. लोकांसमोर मी टेप काढून काहीतरी मोजल्यासारखं करायचो आणि दम खायचो. वजन उतरलं, अंगात कसर राहू लागली, पँट कमरेवर थांबेना. संगीता म्हणाली, "तुमी रोज मोजता का नुसते टेकता?" बायकोपुढे कुणाचं काय चाललंय!

आता कोरडं कापायचो कशासाठी ते सांगतो. आमच्या अकोल्यात नळाचा भरवसा नाही आणि उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हा खरा. साइटच्या टाकीत जे पाणी असतं त्यावर पहिला हक्क स्लॅबचा. नव्या स्लॅबला सतत ओलं ठेवावं लागतं, त्याला आम्ही तराई म्हणतो. तराईत कसर झाली की स्लॅबला तडे जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यात वास्तुपूजनाचा मुहूर्त काढलेला असतो अक्षय्य तृतीयेचा. मग वरच्या मजल्याची तराई चालू असतानाच खालच्या मजल्यावर आमचा ग्रॅनाइट सुरू. आपण बादली बुडवायला गेलो की घरमालक ओरडतो, "अरे, तराईचं पानी हाये ते!" आपण बादली ठेवून देतो. "जाऊ दे, एकच तं तुकडा राह्यला," म्हणतो आणि कोरडाच कापतो. असा एकच तुकडा रोज राहतो.

तोंडाला दुपट्टा बांधायचा आणि संध्याकाळी गुळाचा खडा खायचा, हा आमचा बंदोबस्त. गुळानं धूळ खाली उतरते म्हणतात. मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "गूळ पोटात जातो, धूळ छातीत जाते. रस्ते वेगळे आहेत. आणि दुपट्ट्याच्या विणीतून ही धूळ सहज आत जाते."

तपासण्यांचे दिवस फार वाईट गेले. या आजारात टीबी पटकन शिरतो म्हणून आधी थुंकी तपासली. तो नव्हता. कधी नव्हे ते टीबी असता तर बरं, असं मला वाटून गेलं, कारण टीबीला निदान औषध तरी आहे. मग एचआरसीटी. यात मशीन फुप्फुसाचे पातळ पातळ कापांसारखे फोटो काढतं. "श्वास घ्या, धरून ठेवा," असा आवाज आला आणि मला तो धरता येईना. मग पीएफटी, म्हणजे नळीत जोरानं फुंकून फुप्फुसात किती दम उरला ते मोजायचं. बाई म्हणाल्या, "अजून जोरात, काका, अजून!" मी जेवढं होतं तेवढं फुंकलं. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. तेव्हा मी घाबरलो. ते माझ्याजवळचं सगळंच होतं.

दवाखान्याबाहेरच्या बाकांवर भातकुली गावचे एक म्हातारे बसायचे, त्यांना दमा. ते सारखे म्हणायचे, "भेव नका, बाप्पा." भिऊ नका म्हणणारे स्वतः मात्र दम्याचा पंप मुठीतून सोडायचे नाहीत. तिथं बसलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याचा श्वास ऐकत असतो. मीही ऐकायचो आणि माझा त्याच्याशी ताडून बघायचो.

पण खरी भीती अजून यायची होती. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्यासोबत अजून कोण कापतं?"

रवी. माझा धाकटा भाऊ. मला दम लागायला लागल्यापासून माझ्या वाटणीचंही तोच कापत होता.

"त्यांना घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "त्रास नसला तरी आणा. हा आजार आधी बसतो आणि मग सांगतो."

अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवरून अकोल्याची गाडी धरली तेव्हा माझ्या स्वतःच्या छातीचं मी विसरलो होतो. डोळ्यांसमोर रवी होता. कामावरून आला की त्याची चार वर्षांची पोरगी त्याच पांढऱ्याफटक शर्टाला जाऊन चिकटते.

रवी ऐकेना. "मले काय झालं, दादा? मी सिमिटाचं पोतं घेऊन जिना चढतो."

"मीबी चढत होतो."

"तपासलं की निंगते. नाही तपासलं तं काही निंगत नाही."

मी चिडलो, ओरडलो आणि खोकत बसलो. तो पाणी घेऊन आला, पण हो म्हणाला नाही. त्याच्या डोळ्यांत माझ्याइतकीच भीती होती, फक्त त्याची भीती पळत होती.

त्या सुमारास ज्या घराचं काम चालू होतं, त्याच्या आर्किटेक्ट मॅडम मला भेटायला घरी आल्या. मी त्यांच्यावर भडकलेलोच होतो. म्हणालो, "मॅडम, पायरीची कड कशी गोल पाहिजे ते तुमच्या नकाशात असते. ती गोल करताना धूळ कोणाच्या नाकात जाईन, ते काहून नसते?"

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जिन्याचे आणि ओट्याचे सगळे तुकडे कारखान्यातच पाण्याच्या मशीनवर कापून, घासून आणू. मापं मी आधी पक्की करून देते. साइटवर फक्त कोपऱ्यातलं काय ते राहील, ते उघड्या अंगणात, पाणी टाकून आणि चांगला मास्क लावून. तराईची टाकी वेगळी, कापायच्या पाण्याचा ड्रम वेगळा. हे सगळं नकाशातच लिहिते, म्हणजे ठेकेदाराला नाही म्हणता येणार नाही." माझा राग तिथंच अर्धा झाला. मापं घ्यायचं आणि बाहेरून देखरेख करायचं काम त्यांनी मला दिलं.

रवी शेवटी अमरावतीला आला तो तपासायला नाही, माझा सोबती म्हणून. मला ताप भरला होता आणि संगीता माहेरच्या लग्नात अडकली होती. डॉक्टरांनी मला तपासलं, मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच रवी ना? चला, शर्ट काढा." डॉक्टरांपुढे नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

एक्स-रे येईपर्यंत तो बाकावर माझ्या शेजारी बसला. त्याचा गुडघा सारखा हलत होता. मी त्यावर हात ठेवला. लहानपणी शाळेच्या निकालालासुद्धा तो असा बसला नव्हता. "दादा," तो हळूच म्हणाला, "असंन तं पोरीच्या मायले नको सांगू."

डॉक्टरांनी फोटो पाटीवर लावला आणि बराच वेळ बघितला. "आज काही दिसत नाही," ते म्हणाले. रवीनं एकदम माझा दंड धरला. "आज," डॉक्टरांनी पुन्हा म्हटलं. "दर वर्षी यायचं. आणि कोरडं कापायचं नाही. एक तुकडासुद्धा नाही."

रवी परतताना गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपला. मी मात्र तो "आज" घेऊन बसलो.

परवाची गोष्ट. मी साइटच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली मास्क लावून बसलो होतो. डॉक्टरांनी आखलेली माझी हद्द तेवढीच. अंगणात रवी कापत होता. ओलं पातं दगडात चालतं तेव्हा जड, दबका आवाज येतो. कोरडं पातं किंचाळतं. मी दिवसभर तोच आवाज ऐकत असतो, बाहेरून देखरेख म्हणजे तेवढंच.

टँकर आला नव्हता. घरमालक काका स्वतः बादली घेऊन कापायच्या ड्रममधलं पाणी स्लॅबवर नेत होते. बघता बघता ड्रम आटला, दबका आवाज वर चढला आणि पातं किंचाळलं.

मी उठून धावलो. फाटकापाशी दम संपला. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. फाटक धरून उभा राहिलो. मला माहीत होतं आता रवी काय म्हणेल. आम्ही सगळे तेच म्हणत आलो.

कटर बंद झाला.

"बंद काहून केलं बे?" काकांचा आवाज आला. "एकच तं तुकडा राह्यला."

"हाव, काका," रवी म्हणाला. "माह्या दादाचाबी रोज एकच राहे."

काकांच्या हातातली बादली ड्रममध्ये रिकामी झाल्याचा आवाज आला. मी फाटक धरून तिथंच उभा राहिलो. रडत होतो की दम घेत होतो, मला सांगता यायचं नाही. मग आतून तो दबका आवाज पुन्हा सुरू झाला आणि मी कडुलिंबाखाली माझ्या जागेवर जाऊन बसलो.