बादलीतलं कासव

मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या बाईंची एक रीत होती. पुस्तक लिहून झालं की त्या ते नणंदेला वाचून दाखवत, आणि नणंद ऐकता ऐकता कपड्यांना इस्त्री करी. इस्त्री थांबली की बाई खूश. ती सरसर फिरत राहिली की समजायचं, या पानात जीव नाही. या परीक्षेत नणंदेचं एक चांगलं पोलकं जळलं होतं आणि तेच पुस्तक मुलांनी डोक्यावर घेतलं होतं.

यंदा नणंद लेकीकडे गेली होती, म्हणून बाईंनी पुस्तक तसंच छापायला दिलं. त्यात चित्रकाराशी वाजलेलं. गोष्टीत नसलेलं काहीतरी चित्रात घुसडायची त्याला खोड. लिहिलंय तेवढंच काढा, असं बाईंनी चारचौघांत सुनावलं, तेव्हापासून अबोला. त्याने चित्रं परस्पर छापखान्यात दिली आणि बाईंनीही हट्टाने ती पाहिली नाहीत.

नणंद परतली त्या सकाळी बाईंनी टेबलाशी खुर्ची ओढली. एका कुटुंबाने घर बदलल्याची गोष्ट. शेवटी सगळे नव्या घरात पोटभर जेवून झोपले, तेव्हा नणंदेने इस्त्री उभी ठेवली.

"वहिनी, कासवाचं काय झालं?"

"कुठलं कासव?"

"धाकट्याचं. सामानाखाली चिरडेल म्हणून त्यानं गच्चीवर बादलीत ठेवलं होतं ना?"

बाईंनी पानं चाळली. सगळं घर हललं होतं, अगदी फुटका आरसासुद्धा, आणि कासव त्या ओसाड गच्चीवर तसंच होतं. मुलं राजाराणीला विसरतील, पण बादलीतल्या कासवाला नाही. आणि छपाई नेमकी आजच.

घरातल्याच चपला घालून बाई छापखान्यात पोचल्या. मशीन धडधडत होतं. रंग तपासत उभा असलेला चित्रकार त्यांना पाहून दुसरीकडे बघू लागला. बाईंनी मानपान गुंडाळून ठेवला.

"मशीन थांबवायला सांगा. माझं कासव मागे राहिलंय."

गठ्ठ्यातला एक ओला कागद उचलून त्याने उजेडात धरला. टेम्पोत कपाट आणि गाद्यांच्या मधे एक बादली होती आणि तिच्या काठावरून इवलीशी मान बाहेर आली होती. शेवटच्या चित्रात बादली आडवी झालेली, आणि कासव नव्या घराच्या उंबऱ्याशी.

"तुम्ही लिहिलं नव्हतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण मला ते तिथं सोडवेना. म्हटलं, ओरडतील तर ओरडू देत."

बाई कागदाच्या गठ्ठ्यावरच बसल्या. मग हसू आलं ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदराने डोळे पुसून त्यांनी चित्र पुन्हा जवळ धरलं.

"आणि हे मांजर?"

"नको असेल तर..."

"असू दे. त्याला सोबत."

बाई घरी परतल्या तेव्हा नणंद अर्धवट इस्त्रीची साडी खांद्यावर टाकून दारातच उभी होती. बाईंनी गल्लीच्या कोपऱ्यावरूनच हात हलवला.

"वन्सं, आलं हो ते घरी."