रोटर माझ्या हातात होता

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. सगळं आयुष्य गाड्या दुरुस्त करण्यात गेलं. इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते आणि ठिणगी लागते. यातलं एक जरी नसलं तरी नारळ फोडा नाहीतर लिंबू बांधा, गाडी जागची हलत नाही. तरीही एक गोष्ट अशी घडली की ती लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आता वय झालं, म्हणून एकदाची लिहून टाकतो.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्यावर माझं पत्र्याचं गॅरेज होतं. कुंडलचे आप्पा चौगुले हे मोठे जैन बागायतदार. त्यांच्याकडे एक उघडी विलायती मोटार होती. कापडी टप मागे पाडला की चारी बाजूंनी मोकळी. आप्पांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती, आणि माझ्या हाती आली तोवर तिचं पार म्हातारपण आलं होतं. टपाचं कापड उंदरांनी खाल्लेलं, त्याच्या कमानी गंजून बसलेल्या, त्यामुळे टप कायमचा पडलेला. दारांच्या लाकडात वाळवी. रेडिएटर गळायचा, त्यात मी हळद टाकून गळती थांबवायचो. लढाईमुळे स्पेअर पार्ट मिळत नव्हते, पेट्रोल कुपनावर. एक दुखणं बरं केलं की आठ दिवसांत दुसरं. खरं सांगायचं तर त्या गाडीचा मला वीट आला होता. कुंडलहून निरोप आला की मी हत्यारं नाखुशीनेच गोळा करायचो.

तेव्हाही असाच निरोप आला. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या प्रवासी सर्व्हिस मोटारीत बसून, धक्के खात, कसाबसा कुंडलला पोचलो. गाडी सुरूच होत नव्हती. डिस्ट्रिब्युटर उघडला. हा भाग प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देतो. त्याच्या आत मधल्या दांड्यावर अंगठ्याएवढा रोटर फिरत असतो, तो तडकला होता. त्याच्याशिवाय ठिणगी पुढे जातच नाही. मी रोटर काढून खिशात टाकला, आत धूळ जाऊ नये म्हणून दांड्यावर एक चिंधी दाबून बसवली आणि वरचं झाकण लावलं.

"आप्पा, हा नवीन घडवावा लागेल. तीन दिवस गाडी हलायची नाही."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांची मुलगी सुशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि सकाळपासून तिला कळा येत होत्या. ड्रायव्हर लक्ष्मणमामा वाईकडे आपल्या गावी गेले होते, ते रात्री परत यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दहाच्या सुमारास, मी गॅरेजच्या दारात फायबरचा तुकडा कानशीने घासत बसलो होतो. मापाला जुना रोटर डाव्या हातात. तेवढ्यात लांबून आवाज आला... चालत्या इंजिनातल्या टॅपेटची ती टकटक. ती गाडी मी शंभर गाड्यांत ओळखली असती. मान वर केली तर गाडी समोरून निघून गेली. चाकावर लक्ष्मणमामा, शेजारी आप्पा. मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी पडलेली सुशीला, अंगावर वाकळ. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मला पहिल्यांदा आला तो राग. रोटर दुसरीकडून मिळत होता, तर मला कशाला दमवलं?

सायकल काढली आणि सांगलीचा बाळंतपणाचा दवाखाना गाठला. सुशीलाला आत नेलं होतं. लक्ष्मणमामा गाडीच्या फूटबोर्डवर डोकं धरून बसले होते. पहिल्या लढाईत ते पलटणीत ट्रक चालवायचे. तोफांनी कान अधू झालेले, त्यामुळे त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागे.

"मामा, रोटर कुठं मिळाला?"

"कसला रोटर?"

"मी काल काढून नेला होता तो. हा बघा, माझ्याकडं आहे."

"मला कुनी काय बोललं न्हाई. सुईनीनं हात टेकलं. आप्पा म्हनालं, गाडी काढ. म्या काढली. पुढनं हँडल मारलं, येका झटक्यात लागली."

"लागली ते कसं कळलं? तुम्हाला तर ऐकू..."

"पुढं गेली, म्हंजे लागलीच की रं."

मी बॉनेट उघडलं. सवयीने हात जरा लांबच ठेवला, कारण ही गाडी कुंडलहून निघाली की वाटेत तासगावच्या आतच उकळायची. मग हळूच बोट लावलं. इंजिन गार होतं. रेडिएटरचं पाणी विहिरीतून काढल्यासारखं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. रोटर नव्हता. मधल्या दांड्यावर माझी चिंधी होती, मी बसवली तशी, घडीसुद्धा न मोडलेली. नुसतं हँडल मारलं तरी तो दांडा फिरतो, चिंधी पिळून निघायला हवी होती.

मी ती चिंधी उचलून लक्ष्मणमामांना दाखवली. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी उठून तो रिकामा दांडा बोटांनी चाचपला. मग हँडल घेतलं आणि मारायला लागले. दहा वेळा, वीस वेळा. घामाघूम झाले. गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. शेवटी मीच हँडल काढून घेतलं.

"हे मला दावायला नगं हुतं, मिस्त्री," ते म्हणाले.

दुपारी सुशीलाचं ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आप्पांना बाजूला घेऊन विचारलं, "गाडी हलायची नाही असं मी सांगितलं होतं ना?"

"सांगिटलं हुतंस. पर त्या टायमाला ध्यानात कुठलं ऱ्हातंय? मी सारी वाट नमोकार मंत्र म्हनत हुतो." एवढं बोलून ते परत आत गेले.

संध्याकाळपर्यंत मी नवा रोटर बसवला. गाडी सुरू झाली, फटफटत, मिस मारत, नेहमीसारखी. कुंडलला जाताना वाटेत दोनदा उकळली, असं मागाहून कळलं.

लक्ष्मणमामांनी ती तेवढी गाडी घरी नेली, किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि गावी निघून गेले. दोन महिने झाले तरी परत येईनात, तेव्हा आप्पांनी मलाच पाठवलं. साताऱ्याला गाडी बदलून वाई, तिथून पुढे पायी. मामा शेतात पाणी पाजत होते. मला बघून त्यांनी फावडं खाली ठेवलं.

"आप्पांनी बोलावलंय, मामा."

"न्हाई जमायचं."

"गाडी आता ठीक आहे. मी बघितलीय."

"तुजं बराबर हाय. पर आता हँडलाला हात घातला की वाटतंय, ही लागंल का न्हाई ते माझ्या हातात न्हाईच. मागं मानसं बसवून कसा चालवू मी? तू सांग."

त्यांनी मला भाकरी खाऊ घातली, बांधापर्यंत सोडायला आले. चांगला कसबी माणूस, पण त्यानंतर त्यांनी कुठलंच चाक हातात धरलं नाही. ती चिंधी मी दाखवली नसती तर... हे मला अजून टोचतं. लढाई संपली आणि आप्पांनी गाडी भंगारात दिली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं झालं.

पाच-सहा वर्षांनी सुशीलाताई सांगलीच्या बाजारात भेटल्या. सोबत ती मुलगी. मला ओळखून थांबल्या.

"मिस्त्री, त्या दिवशी गाडी लई झकास केली हुती तुमी. एवढ्या कळांतबी मला आठवतंय. इंजनाचा आवाज म्हनून न्हाई. नुसती चाकाखालची खडी वाजायची, आणि रानातली पाखरं. मला वाटलं, गाडी कुटल्या तरी उतारानं आपसूक चाललीया."

कुंडल ते सांगली असा उतार नाही. आणि गॅरेजच्या दारात बसून मी टॅपेटची टकटक स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

"हो ताई," मी म्हणालो, "काम चांगलं झालं होतं."

त्यांना बाकीचं सांगितलं नाही. वाचकांपैकी कुणाला इंजिनातलं कळत असेल आणि याचा उलगडा होत असेल तर जरूर कळवा. मी खूप डोकं चालवलं. मला काही जमलं नाही.