निर्माल्यातली लाल पाटी

अमोनियाचा तो वास आठवला की आजही माझे डोळे चुरचुरतात.

माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. यंत्रात त्यांची तीन बोटं गेली. मुनिमानं 'कामगाराची चूक' असं लिहून आणलं आणि त्याच हाताच्या उरलेल्या अंगठ्याचा ठसा घेतला. वडिलांना वाचता येत नव्हतं. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. पोलिसातल्या नोकरीभर एक नियम पाळला, वाचून दाखवल्याशिवाय कुणाच्या जबाबावर सही-अंगठा घेतला नाही.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात फोन आला. "जळकोटच्या पुढच्या डेअरीत अमोनिया सुटलाय. सुटला न्हाय, सोडलाय! ऑपरेटरला धरा." नाव न सांगताच फोन ठेवला.

आम्ही पोचेपर्यंत गॅस आटोक्यात आला होता. दूध थंड करणाऱ्या यंत्राचा पाइप दोन दिवसांपासून दुरुस्तीसाठी खोललेला होता. त्यावर वाकलेल्या फिटरच्या डोळ्यांत गॅस गेला, त्याला सोलापूरला हलवलं होतं. व्हॉल्व्ह उघडला ऑपरेटरनं. दोघांचं आठवड्यापूर्वी भांडणही झालेलं. माझा संशय त्याच्यावरच होता. पण मॅनेजरनं त्याचा जबाब आधीच टाइप करून ठेवला होता, 'रागाच्या भरात व्हॉल्व्ह उघडला.' खाली फक्त सही बाकी. ही घाई मला खटकली.

ऑपरेटरला समोर बसवलं. "बघून घेतो म्हणाला होतास ना फिटरला?"

"व्हय साहेब, म्हणलो. लई चिडवायचा मला. पण गॅस कशाला सोडू? मी बी तिथंच हुबा व्हतो. मला काय नाक न्हाय?"

"मग व्हॉल्व्ह का उघडलास?"

"चाकावर पाटी नव्हती, साहेब. झेंडूचा हार व्हता. काम झालं समजून तो काढला अन् चाक फिरवलं. फिटर यंत्रापलीकडं वाकलेला, मला दिसला न्हाय."

व्हॉल्व्ह बंद केला की फिटर चाकावर 'बंद' अशी लाल पाटी अडकवतो आणि काम झाल्यावर स्वतःच काढतो. ती गेली कुठं? आदल्या दिवशी खंडेनवमी, यंत्रांची पूजा झालेली. मी पंचांसमोर निर्माल्याचं पोतं रिकामं करायला लावलं. फुलांच्या ढिगातून कुंकवानं माखलेली पाटी निघाली.

मॅनेजरचा चेहरा उतरला. "मालक पूजेला येणार होते, साहेब. सणाच्या दिवशी यंत्रावर 'बंद' बरं दिसतं का? मीच काढायला लावली. परत लावायची राहिली."

सकाळचा निनावी फोनही आपणच गावरान बोलीत केल्याचं त्यानं कबूल केलं.

टाइप केलेला जबाब मी जप्त केला. निष्काळजीपणाचा गुन्हा मॅनेजरवर दाखल झाला. ऑपरेटर त्याच संध्याकाळी घरी सोनं वाटायला गेला. फिटरचे डोळे वाचले.

तेव्हापासून अपघाताच्या जागी गेलो की कुणाचं कुणाशी भांडण होतं, हे मी शेवटी विचारायचो. आधी विचारायचो, इथली कोणती वस्तू जागेवर नाही?

त्या डेअरीत आता पाटीबरोबर चाकाला कुलूपही लागतं. किल्ली फिटरच्या खिशात असते, खंडेनवमीलासुद्धा.